अर्धी बशी लोणीला

काकडे सर,

तुमच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'अमीबा' या नावाने होता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमच्या सूनबाईंनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी फोनमधली नावं एकेक करून लावली. पाहुणे झाले, भावकी झाली, कॉलेजातली मंडळी झाली. 'अमीबा'पाशी आल्यावर त्यांना वाटलं, हे पप्पांचं प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान वगैरे असणार. तो नंबर सोडून त्या पुढे गेल्या. म्हणून मला कुणी कळवलं नाही.

मी आपली ठरल्याप्रमाणे महिन्याच्या पहिल्या रविवारी हडपसरला गाडीतळावर आले. नेहमीच्या अमृततुल्यात, भिंतीकडच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन बसले. दोन चहा सांगितले, कारण तुमच्या गावाहून, लोणीहून येणारी बस मी चहा सांगितल्याशिवाय येत नाही. तुमच्या चहावर साय धरली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आपला हा रविवार एकदा आजारपणात आणि एकदा लग्नसराईत सोडला तर कधी चुकला नव्हता. मला राग आला. फोन लावला, तो सूनबाईंनी उचलला. मी म्हटलं, "लिमये बोलतेय. काकडे सरांना द्या, आणि त्यांना विचारा, माणसाने किती वेळ ताटकळत बसायचं." ती म्हणाली, "मॅडम, पप्पा गेले. परवा सकाळी."

मी "बरं" म्हटलं. अहो, "बरं" म्हटलं मी. आयुष्यभर जिभेला धार आहे म्हणून मिरवलं आणि वेळेला एवढाच शब्द सापडला. फोन ठेवला आणि तुमचा गार झालेला चहाही मीच प्यायले. भरलेला कप तसाच टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

दहाव्याला आले होते. नदीकाठी कावळा लगेच शिवला. तुम्ही तसे कुणाला खोळंबून ठेवणारे नव्हता, गाडीतळ सोडून. बायकांच्या घोळक्यात मी एका कडेला बसले होते. तुमच्या कुणा आत्याने शेजारणीला विचारलं, "ह्या कोन गं?" शेजारीण म्हणाली, "कालिजात व्हत्या म्हनं त्यांच्या संगट." त्यावर आत्याबाई "बरं, बरं" म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून दुसरं बोलू लागल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. तीसेक वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, त्यानंतरही महिन्याच्या महिन्याला भेटलो, याला आपल्याकडे काही नाव नाही. मामी, मावशी, वहिनी, कशातच मी बसत नाही. सुतक माझं नव्हतं. घरी आले तर मला कुणी विचारणारंही नव्हतं की कुठून आलात, अंघोळ करायची आहे का.

बशीचं विचारायला धीर होईना. शेवटी निघताना सूनबाईंना म्हटलं, "सरांच्या खोलीत खिडकीखाली माठ होता, त्याच्या बुडाशी ओल्या वाळूत एक काचेची बशी असायची, झाकण ठेवलेली." ती म्हणाली, "हो ना मॅडम, मी धुऊन ठेवलीय. तुम्हाला हवीय का? आरोग्य खात्याची माणसं सारखी येतात हो डास बघायला. साठलेलं पाणी दिसलं की दंड करतात. आणि आत भाताची शितं पडलेली, वास येत होता." तिने मला ती बशी आणून दाखवली. लख्ख घासली होती. साबणाचा वास येत होता. मी म्हटलं, "नको, राहू दे." मुलगी चांगली आहे, काकडे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तुम्ही तरी घरात काय सांगणार होता, की या पाण्यात माझी जनावरं आहेत आणि जनावरांच्या पोटात आणखी जनावरं आहेत?

म्हणजे त्या दिवशी जगात त्यांची एकच बशी उरली. माझ्याकडची. आणि ती जगवायची वेळ माझ्यावर आली, जिने त्यांना पहिल्या दिवशी फिनेल घालून मोरीत ओतायचा हुकूम दिला होता.

आठवतं ना? तुम्ही नवीन नवीन आला होता. मी प्राणिशास्त्राची, तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्राचे, आणि जागा नाही म्हणून दोघांना एक प्रयोगशाळा. माझे अमीबा म्हणजे माझा अभिमान. पाषाणच्या तळ्यातून आणलेले, निवडून निवडून वाढवलेले. बशी तिरकी धरून खालून उजेड दिला की तळाला पांढरे, रव्याच्या कणाएवढे ठिपके दिसायचे. मुलं म्हणायची, मॅडम, एवढे मोठे? मी म्हणायची, आमच्याकडे खाऊन-पिऊन सुखी आहेत. आणि तुम्ही एक दिवस लोणीच्या कालव्याचं पाणी बाटलीत भरून आणलंत, आणि माझ्याच ड्रॉपरने ते तुमच्या बश्यांत टाकलंत, आणि तोच ड्रॉपर परत माझ्या कपात ठेवलात. वापरलेला ड्रॉपर उकळत्या पाण्यात टाकायचा असतो एवढं सूक्ष्मजीवशास्त्राच्या माणसाला मी सांगायचं. पंधरा दिवसांत माझे अमीबा पाय आखडून गोळा व्हायला लागले, तळ सोडून तरंगायला लागले, बश्यांच्या बश्या मेल्या. आपण एक फोडून, रंग देऊन पाहिला, तर आत ही गर्दी. जंतू. अमीबा जंतू खातो, तेच त्याचं जेवण. पण हे खाल्ले गेले आणि पचले नाहीत. आत पिशव्या करून राहिले, आणि वाढायला लागले.

मी म्हटलं, "तुमच्या कालव्याची घाण." तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "मॅडम, कालवा खडकवासल्याहून येतो. तेच पाणी तुमच्या नळाला आहे. आम्हाला घाण मिळते ती नदीतून, आणि ती तुमची असते." तेव्हा मला कळलं, हा माणूस दिसतो तेवढा गरीब नाही.

सगळ्या बश्या ओतून द्या म्हटलं होतं. तुम्ही एक लपवलीत. फॉर्मॅलिनच्या बरण्यांमागे, जिथे माझा हात पोचत नव्हता. एक-दीड महिन्याने तुम्ही ती माझ्यापुढे ठेवलीत. सात-आठ अमीबा होते, बारीक, मरतुकडे, पण चालत होते. तुम्ही रोज एकेकाला वेचून स्वच्छ पाण्यात घालत होता आणि घरून वहिनींनी दिलेल्या डब्यातल्या भाताची चार शितं त्यांना टाकत होता. बिनमिठाचा भात, आंबेमोहोर. शितं कुजतात, त्यावर बारीक जीव वाढतात, अमीबा ते खातात. मी विचारलं, "आणि आतले जंतू?" तुम्ही म्हणालात, "आतच आहेत. निघाले." मी म्हटलं, "निघाले म्हणजे?" "म्हणजे निभावून निघाले. दोघंही."

त्यानंतर वर्षं गेली आणि ते मरतुकडे अमीबा धट्टेकट्टे झाले. माझ्या स्वच्छ अमीबांची मी नवी बशी लावली, तुमचे 'वस्तीवाले' निराळे. दोघांचे ड्रॉपर निराळे. तुमच्या ड्रॉपरला मी लाल दोरा बांधला आणि तो कपात ठेवायला गेलात की मी नुसती बघायची. आपला वाद तेव्हा सुरू झाला, तो तुम्ही गेलात तेव्हाही सुटला नव्हता.

माझं म्हणणं, हा आजार आहे. जुना झाला म्हणून आजार घरातला होत नाही. तुमचे अमीबा आजाराशी जुळवून जगताहेत, त्याला नातं म्हणत नाहीत. तुमचं म्हणणं, आता ते एकमेकांशिवाय जगणारच नाहीत. अमीबाला जंतू लागतो. मी विचारायची, कशावरून? तुम्ही म्हणायचा, उन्हाळ्यावरून.

कारण उन्हाळ्यात नेहमी तेच व्हायचं. एप्रिलची हवा तापली की तुमचे आधी मरायचे. माझे शेजारच्याच बशीत, त्याच पंख्याखाली, मजेत. मी म्हणायची, बघा, आजारी माणूस उन्हात आधी आडवा होतो. तुम्ही म्हणायचा, नाही, उन्हाने आधी जंतू मरतात, मग ते गेले म्हणून अमीबा मरतो. सगळा वाद एवढ्यावर येऊन थांबला होता, आधी कोण मरतं. अमीबा मेला तेव्हा जंतू आत शाबूत असले, तर मी खरी. जंतू आधी नाहीसे झाले आणि अमीबा मागाहून गेला, तर तुम्ही खरे. बघायला काय, एक बशी मुद्दाम उन्हात ठेवायची आणि घटकाघटकाला एकेक फोडून पाहायचा. एका दिवसाचं काम. तुम्ही कधी करू दिलं नाहीत. "पोरं उन्हात बसवून बघायचं का, मॅडम, कोन आधी रडतंय ते?" असं म्हणालात, अगदी गावाकडच्या हेलात, आणि बशी उचलून माठाखाली नेऊन ठेवलीत. शास्त्रज्ञ म्हणे.

त्या हेलाचंही सांगते. वर्गात तुमचं मराठी माझ्याहून शुद्ध. पण वादात तुम्ही खरे ठरलात की मान जराशी तिरकी करून, डोळे बारीक करून म्हणायचा, "म्हनलं नव्हतं का?" बास, एवढंच. पुढे काही नाही. पाऊस येईल म्हणालात आणि आला, म्हनलं नव्हतं का. प्राचार्य रजा नामंजूर करतील म्हणालात आणि केली, म्हनलं नव्हतं का. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कैक वेळा मी मुद्दाम खोटं बोलले की मलाही तेच म्हणायचं होतं, केवळ ते वाक्य ऐकावं लागू नये म्हणून.

बश्यांची वाटणी दिवाळीच्या सुट्टीमुळे ठरली. सुट्टीत कॉलेज बंद, आणि आपण परत आलो तर बश्यांमधलं पाणी आटलेलं. मोजके वाचले होते. तेव्हा तुम्ही नियम घातलात, सगळं एका घरात ठेवायचं नाही. माझ्या अमीबांची अर्धी बशी तुमच्याकडे, तुमच्यांची अर्धी माझ्याकडे. एकाकडे मेले तर दुसऱ्याकडून आणायचे. शेतकऱ्याने बियाणं ठेवावं तसं तुम्ही ते सांगितलंत. स्टीलच्या डब्यात बशी, भोवती ओलं फडकं, वर झाकण, आणि डबा सरळ धरून बसमधून उभ्याने लोणीपर्यंत. निवृत्तीनंतरही तेच चालू राहिलं, फक्त प्रयोगशाळेऐवजी गाडीतळ. दर महिन्याला ताजी अर्धी बशी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. लोकांना वाटायचं आपण एकमेकांना भाजी देतो.

निवृत्तीच्या समारंभात त्या उत्साही व्याख्यात्याने भाषण केलं होतं, काकडे सर आणि लिमये मॅडम म्हणजे आपल्या कॉलेजातला अमीबा आणि त्याचा जंतू, एकमेकांशिवाय अपुरे. टाळ्या पडल्या. मी उभी राहून विचारलं, "यातला जंतू कोण?" सभागृह गार. तुम्ही खुर्चीत तोंडावर रुमाल धरून हलत होता, आणि सगळ्यांना वाटलं तुम्हाला गहिवरून आलं. मला असल्या उपमा सोसत नाहीत. माणसं माणसं असतात, अमीबा अमीबा. तुमचं माझं त्यावर तरी एकमत होतं.

पण माझी आई गेली तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आज सांगते, कारण तेव्हा आभार मानले नव्हते आणि तुम्हाला ते आवडलेही नसते. मी पंधरा दिवस आले नाही. परत आले तर माझ्या सगळ्या बश्यांचं पाणी बदललेलं, शितं ताजी, चिठ्ठ्यांवर तारखा माझ्या पद्धतीने. ज्यांना तुम्ही 'तुमची सोवळी मंडळी' म्हणून चिडवायचा, त्यांची तुम्ही तुमच्यांपेक्षा जास्त बडदास्त ठेवली होती. मी बसले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दुसऱ्या बशीत दोन तुटले आज. म्हणजे चार झाले." आईबद्दल एक शब्द नाही. लोक येऊन येऊन "तुम्ही आता अगदी एकट्या हो" म्हणत होते, आणि तुम्ही मला सांगत होता की दोनाचे चार झाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा जेवण गेलं. हे मी तुम्हाला कधीच बोलले नाही.

तर यंदाचा एप्रिल. तुम्ही असता तर म्हणाला असता, असं ऊन बघितलं नाही. माझ्या कर्वेनगरच्या दोन खोल्या, वर गच्ची तापलेली. माठ होता, वाळू होती, ओली गोणपाटं होती. दोन्ही बश्या एकाच माठाखाली. पण त्या आठवड्यात इमारतीचं पाणी गेलं, टँकर दुपारनंतर यायचा, आणि एका दुपारी मला झोप लागली. उठले तर वाळू कोरडी ठणठणीत आणि माठाला घाम नाही. बशी भिंगाखाली घेतली. माझे चालत होते. तुमचे गोळा झाले होते.

काकडे, मला वाद आठवला नाही. खरं सांगते, त्या क्षणी तो आठवलाच नाही. मला एवढंच कळत होतं की लोणीची बशी धुतली गेली आहे आणि हे गेले की संपलं, तुमचं काही म्हणून राहणार नाही. फोटो वहिनींकडे आहे, शेत मुलाकडे आहे, कॉलेजातल्या फलकावर नाव आहे. माझ्याकडे तेवढीच एक बशी होती. मी फ्रिजच्या दारातलं पाणी पातेल्यात घेतलं, त्यात स्वच्छ पाण्याची वाटी ठेवली, आणि एकेक अमीबा ड्रॉपरने उचलून थंडाव्यात सोडायला लागले. लाल दोऱ्याच्या ड्रॉपरने. एका डोळ्यात आता मोतीबिंदू आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, सरका, मी बघतो.

काही थंडाव्यात आल्यावर पुन्हा पाय पसरायला लागले. काही नाही. का, ते कळल्याशिवाय कुणाला वाचवायचं ते ठरत नव्हतं, म्हणून मी त्या दोन्ही प्रकारांतले एकेक काचेवर घेतले, दाबले, रंग दिला. कॉलेजने भंगारात काढलेला तो सूक्ष्मदर्शक तुम्हीच उचलून आणून दिला होतात. जो पाय पसरत होता, त्याच्या आत पिशव्या भरलेल्या होत्या, दाट, नेहमीसारख्या. जो गोळा होऊन पडला होता, पण अजून मेला नव्हता, त्याच्या पिशव्या रिकाम्या. सगळ्या जागेवर होत्या, पण आत कुणी नाही. मी दुसरा बघितला. तिसरा बघितला. माझा विश्वास बसेना म्हणून चौथाही फोडला, तुम्ही ओरडला असता. तेच. संध्याकाळपर्यंत तसले सगळे गेले. ज्यांच्या आत वस्ती शिल्लक होती, ते राहिले.

आधी जंतू गेले होते.

मी खुर्चीत मागे टेकले. टँकरचा आवाज येत होता, खाली बायका बादल्यांवरून भांडत होत्या. इतक्या वर्षांचा वाद सुटला होता, आणि मी त्यात हरले होते, आणि घरात मी एकटी होते. कुणाला सांगणार? पुतणी पुण्यातच असते, तिला फोन केला असता तर म्हणाली असती, "आत्या, तू पाणी पितेस ना नीट?" आपल्या बरोबरीचे जे उरलेत, त्यांना कानाने कमी ऐकू येतं आणि अमीबा कशाशी खातात हे तर केव्हाच विसरलेत. हे वाक्य समजणारा माणूस एकच होता. मला रडू आलं. तुमच्या दहाव्याला नाही आलं, ते त्या दिवशी मोतीबिंदूच्या डोळ्यातूनसुद्धा आलं.

वाचलेल्यांना मी जपलं. वेचून वेचून, तुम्ही पहिल्यांदा केलंत तसं. मेच्या मध्याला बशी पुन्हा भरली. आणि एका सकाळी मी पाणी बदललं, शितं टाकली, बशी दोन केली, अर्धी डब्यात ठेवली, ओलं फडकं गुंडाळलं, झाकण लावलं, चपला घातल्या, आणि दाराला कुलूप लावताना लक्षात आलं की आज पहिला रविवार आहे आणि हा डबा मी कुणासाठी भरला आहे. जिन्यात तशीच उभी राहिले. शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "काय, किल्ली सापडत नाही का?" मी म्हटलं, "किल्ली सापडली आहे. तुम्ही व्हा पुढे."

परत आत जावंसं वाटेना. नियम तुमचाच, सगळं एका घरात ठेवायचं नाही. मी गाडीतळावर उतरले, अमृततुल्यात गेले नाही, तिथूनच लोणीची बस पकडली. इतक्या वर्षांत डबा घेऊन पलीकडच्या टोकापर्यंत मी पहिल्यांदाच जात होते. उभीच होते. एका मुलाने जागा दिली तर नको म्हटलं, बसलं की डबा कलतो. तुम्ही का बसत नव्हता ते कळलं.

वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. डबा बघितला आणि त्यांनी लगेच ओळखला. "आत या, बाई. तेच हाय ना?" मी म्हटलं, "तेच." म्हटलं, "वहिनी, एक मागायला आले आहे. ही अर्धी बशी तुमच्याकडे राहू दे. महिन्याने पाणी बदलायचं, चार शितं टाकायची. माझं काही झालं तर कुठेतरी असावी." त्या म्हणाल्या, "शितं मीच देत व्हते की इतकी वर्सं. आंबेमोहर, बिनमिठाचा. मला काय शिकवता?" मग सूनबाईंना हाक मारली. "स्वाती, हे पानी सांडायचं नाय. डासवाले आले तर त्यांना म्हनावं, सासऱ्याचं हाय." स्वातीने झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, मला माहीत नव्हतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असलं जमत नाही, पण ठेवला.

चहा पिताना वहिनींनी विचारलं. अगदी सहज, लसणाची सालं गोळा करता करता. "बाई, हे म्हनायचे, ह्या किड्यांच्या पोटात रोगजंतू हायेत. मग तुम्ही एवढ्या शिकलेल्या, ते जंतू काढून टाका की. किडे तरी सुखी होतील."

किती वर्षं मी हेच म्हणत आले होते, काकडे. तुमच्या बायकोने माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं.

मी म्हटलं, "नाही, वहिनी. ते काढले तर हे मरतील."

"असं?"

"हो. मी बघितलं. आतले आधी जातात, आणि मग हे राहत नाहीत."

"मग ह्यांचंच खरं व्हतं म्हना की."

"हो," मी म्हटलं. "सरांचंच खरं होतं."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि सालं घेऊन मागच्या दारी टाकायला गेल्या. त्यांना काय कल्पना, त्या तीन शब्दांना मला किती वर्षं लागली. त्या परत आल्या त्या माझा रिकामा डबा घेऊन. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात गुळाचे खडे भरले होते. त्या डब्यात आजवर काय काय राहिलं हे मी सांगायला गेले, आणि गप्प बसले. गूळ घेऊन आले.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. गुळाचा खडा खाल्ला, पाणी प्यायले. माठाखाली तुमची उरलेली अर्धी बशी आहे, तिच्या शेजारी माझी सोवळी मंडळी. दोन्हींचं बरं चाललं आहे. तुम्ही कधी घरी आलात की बसायचा ती खुर्ची मी काही हलवलेली नाही, पण तिच्यावर वर्तमानपत्रं साचली आहेत, उगीच खोटं कशाला सांगू. मला तुमची फार आठवण येते. वाद घालायला कुणी नाही, म्हणून दिवसभर तोंड उघडत नाही, आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला गेले तर आवाज फाटतो.

तुमचं खरं होतं, काकडे सर. मी हे तुमच्या घरी, तुमच्या बायकोसमोर कबूल करून आले. बोलल्यावर मी क्षणभर तुमच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मान तिरकी करून, डोळे बारीक करून कुणी आलं नाही.

एकदा म्हणा ना. "म्हनलं नव्हतं का?" या वेळी मी एक अक्षर उलटून बोलणार नाही.